अंगठा आणि गोधडी
रात्री दोनला दीड वर्षाची नात चुळबुळली. मी उशाशी गेले, पण उचललं नाही. तिचा अंगठा तोंडात गेला, दुसऱ्या हाताची बोटं गोधडीची उसवलेली कड चाचपत राहिली आणि श्वास संथ झाला. हे बाळाला शिकवावं लागत नाही. सोनोग्राफीत पोटातलं बाळही अंगठा चोखताना दिसतं. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली अशा लाडक्या गोधडीचं, चिंधीचं मोल सांगितलं: आईपासून जगाकडे जाताना बाळाला त्या चिंधीचा आधार असतो. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांची होईतो अंगठा आपणहून सोडतात. रडलं तर जरूर कुशीत घ्या. पण अंगठ्याला कडू लेप लावू नका. ते लेकरू स्वतःची समजूत काढायला शिकतंय.