हातच्या गाडीचाही पट भरवा

२०२१ साली सरकारनं जुन्या मोटारींसाठी नियम केला. ५० वर्षं उलटलेली गाडी २० हजार भरून नोंदवा, वेगळी पाटी लावा. रोजच्या वापराला नाही, पण रॅलीत मिरवा. हौसेचं मोल सरकारला कळतं म्हणायचं. पण कुणाच्या हौसेचं?

त्याच वर्षी देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकवर सुरू होणारी चारचाकी उभी केली, साठेक हजारांत. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो दिली. टाळ्या पडल्या. पण गाडी नियमात बसत नाही, कधी ना कधी अडवतीलच, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

कुणी म्हणंल, रस्त्यावर माणसं मरतील. खरंय. मग रस्ता नकोच. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून शंकरपटाला वाट दिली. अटी घालून बैल पळतो, तर लोखंड का नाही? पीक निघालेलं रान द्या, ब्रेक तपासा, डोक्यावर हेल्मेट घाला आन् सोडा. आमच्या बीडात वखराच्या पासेला पाणी पाजणारे, ट्रॉल्या जोडणारे हात गावोगाव हायेत. त्यांना बक्षिसाची बोलेरो नको, पळायला पट द्या.