एका उंबरठ्यावर तीन नोंदवह्या

घरात मूल जन्मले की शासन त्या उंबरठ्यावर तीन वेळा येते. आशा कार्यकर्ती बाळाचे वजन करते, अंगणवाडी सेविका पोषण आहाराची नोंद घेते, परिचारिका लसीकरणाची तारीख सांगते. तिघींच्या नोंदवह्या वेगळ्या, वरिष्ठही वेगळे. बाळाशी बोलावे कसे, सहा महिन्यांनंतर त्याला काय आणि किती भरवावे, ते रडत राहिले तर काय करावे, हे आईवडिलांना समजावून सांगण्याचे काम मात्र तिघींच्या मधल्या जागेत पडून राहते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ विकासगटांत सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा या तीन सेवा आरोग्य यंत्रणेमार्फतच द्यायच्या होत्या. ‘एकात्मिक’ हा शब्द केवळ शोभेचा नव्हता. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून जुन्या संचिका चाळताना ‘समन्वय’ हा शब्द फार वेळा भेटला की मला शंका येऊ लागते.

मी जिल्ह्यात असताना एका आढावा बैठकीत, एकाच गावातील कमी वजनाच्या बालकांचे दोन खात्यांनी दोन आकडे दिले. खोटे कोणीच बोलत नव्हते. अंगणवाडी साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे, आशा हजारामागे, उपकेंद्र पाच हजारांमागे (आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजारांमागे). या सीमा एकमेकींवर बसतच नव्हत्या आणि टोकाची एक वस्ती कोणाच्याच यादीत नव्हती. मी संयुक्त अहवालाचा आदेश काढला. पुढच्या महिन्यात अहवाल आला, तो एकाच कागदावर दोन रकान्यांत, तेच दोन आकडे घेऊन! आदेश माझाच होता, तेव्हा दोषही माझाच.

राजस्थानात याहून साधा उपाय झाला. तिन्ही कार्यकर्त्यांनी एकत्र बसून गावाचा नकाशा काढला आणि जोखमीच्या घरांवर टिकल्या चिकटवल्या. कोणते घर सुटले, हे तिघींनाही एकाच वेळी दिसले.

आज तर हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २०१८ पासून आशांनी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जावे, असा कार्यक्रम आहे. त्यासाठी प्रत्येक भेटीमागे ५० रुपये ठरले. २०२४ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने ‘नवचेतना’ हा तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा आराखडा आणला. त्यात पालकांनी मुलांबरोबर करावयाच्या १४० कृती आहेत. घर एक, मूल एक, कार्यक्रम दोन. मानधनावर राबणाऱ्या या स्त्रियांकडून आपण आणखी किती अपेक्षा करायच्या?

माझ्या मते नवी योजना नको, नवे ॲप तर नकोच. दर महिन्याचा ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस तिघींना एकत्र आणतोच. त्यातला एक तास पालकांसाठी राखावा आणि त्याची वेळ ग्रामपंचायतीने, मजूर घरी परतण्याचा हिशेब करून ठरवावी. वडील आणि आजी यांना आवर्जून बोलवावे, कारण बाळाच्या तोंडी काय जायचे हे अनेक घरांत आई ठरवत नाही. या तासाचा मोबदला सेविका आणि आशा दोघींना सारखाच मिळावा. बालविकास प्रकल्प अधिकारी व आरोग्य अधिकारी यांनी आढावाही एकाच यादीवरून घ्यावा.

त्या यादीत पाहुणी मुलेही हवीत. बलांगीरहून तेलंगणाच्या वीटभट्ट्यांवर गेलेल्या कुटुंबाचे नाव ओडिशातील गावात राहते आणि मूल भट्टीवर वाढते. भट्टी ज्या गावात पेटते, तेथील तिघींनी हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात भट्टीवर जाऊन त्याचे नाव आपल्या यादीत घेतले पाहिजे.