अविवेक आणि अपराध

मे 2022 मध्ये दिंडोरी पोलिसांनी औषधनिर्माणशास्त्राच्या एका विद्यार्थ्यास ट्विटरवरील मजकुराबद्दल ताब्यात घेतले. त्यात श्री. शरद पवारांचे नाव नव्हते. बारामतीचा निर्देश व गोडसेचे स्मरण होते. तो मजकूर निंद्य होता, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. तथापि निंद्य ते सर्व दंडनीय ठरत नाही. ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले आणि 21 जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सुटकेचा आदेश देईपर्यंत तो महिन्याहून अधिक काळ अडकून पडला. अपराध सिद्ध होण्यापूर्वीच शिक्षा भोगून झाली!

28 मार्च 2025 रोजी इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तीन ते सात वर्षे शिक्षेच्या अशा शब्दापराधांत नोंदीपूर्वी प्राथमिक चौकशी करणे उचित होय. सत्तेवर पक्ष कोणताही असो, प्रत्येक ठाणे अंमलदाराने हा दंडक पाळावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.