थारोळं

कादंबरी वाचताना शेजारी वही ठेवायची सवय मला कॉलेजपासूनची. नवा शब्द दिसला की टिपायचा. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, अगदी वाण्याच्या खातेवहीसारखं! अशा तीन वह्या भरल्या. परवा त्या काढून बसलो आणि चक्क ओशाळलो. निम्मे शब्द परक्यासारखे माझ्याकडे बघत होते. कुठल्या पुस्तकातले, कोण कुणाला म्हणालं, काही म्हणजे काही आठवेना.

माझं आता मत झालंय की नुसता शब्द आणि अर्थ टिपण्यात काही राम नाही. त्यासाठी मोल्सवर्थ आहे (त्याची १८५७ची आवृत्ती आता घरबसल्या बघता येते), दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. वहीत यायला हवं ते कोशात नसलेलं. अख्खं वाक्य, ते कुणाच्या तोंडी आहे, आणि तो शब्द आपल्या घरात कुणी वापरायचं का.

हे मला एका शब्दाने शिकवलं. आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) वाचत होतो. सगळी कादंबरी नारबा या शेतगड्याच्या तोंडून, कोल्हापूरकडच्या बोलीत. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि नारबाचा गोतावळा, म्हणजे त्याची जनावरं, हळूहळू नाहीशी होतात. पुस्तक संपलं त्या रात्री बाबांशी बोलत बसलो. ते लहानपणी आजोबांबरोबर मोटेवर जायचे. म्हणाले, "मोट वर आली की पाणी धबाधबा थारोळ्यात पडायचं. आम्ही पोरं तिथंच अंघोळ उरकायचो."

थारोळं! हा शब्द मला फक्त पेपरातून ठाऊक. बातमीतला माणूस नेहमी 'रक्ताच्या थारोळ्यात' पडलेला असतो. माझ्यासाठी तो रक्ताचाच शब्द होता, बाबांसाठी गार पाण्याचा. मोटेचं पाणी जिथे ओततात ती जागा म्हणजे थारोळं. तसंच महागाईला 'वेसण' घाला म्हणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी बैलाची वेसण हातात धरलीय? वस्तू गेली, शब्द मागे राहिला. चांगल्या कादंबरीत तो पुन्हा आपल्या माणसांत, आपल्या जागी भेटतो. म्हणून टिपायचा तर तिथूनच.

टिपत बसलं की वाचनाचा ओघ तुटतो, असं माझा एक मित्र म्हणतो. खरंय. म्हणून मी आता पानात नुसती चिठ्ठी घालतो आणि प्रकरण संपल्यावर वही उघडतो. दुसरा धोका मोठा. टिपलेले शब्द आपल्या लिखाणात पेरायचा मोह होतो. मीही केलंय ते. उसना शालू नेसून लग्नाला गेल्यासारखं दिसतं, सगळ्यांना कळतं! शब्द आपोआप जिभेवर आला तर आपला, नाहीतर वहीत सुखाने राहू दे.

असो. त्या रात्री बाबांनी आणखी सांगितलं. नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, धाव म्हणजे बैलांची उताराची वाट. मोटेच्या सोंडेला एक बारका दोर असायचा, त्याचं नाव मात्र त्यांना आठवेना. बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "अण्णाला विचार, त्याला माहीत असेल." मग आपणच गप्प झाले. अण्णाकाकांना जाऊन सहा वर्षं झाली.

कोशात त्या दोराला नाव सापडेल. एक सोडून चार सापडतील. पण आमच्या विहिरीवर त्यातलं कुठलं म्हणायचे, ते कोश कसा सांगणार?

वहीत ती जागा मी कोरी ठेवलीय. घरातलं कुणी हे वाचत असेल आणि आठवत असेल तर कळवा. आत्या, तू तर नक्कीच. आणि बाकीच्यांनो, पुढची कादंबरी वाचताना एखादा शब्द अडला तर कोश जरूर उघडा, पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन करा.