कुलूपबंद चहा

चहाच्या डब्याला कुलूप? आपल्याकडे चहापत्ती गॅसशेजारच्या स्टीलच्या डब्यात असते आणि झाकण नीट लागलं तरी पुष्कळ. पण अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चहा थेट चीनहून यायचा, वर जबर कर, त्यामुळे पेटीची किल्ली घरातली बाई स्वतःजवळ ठेवायची. नोकरांवर भरवसा नाही, दुसरं काय! या पेटीला म्हणतात टी कॅडी. हा शब्द 'काटी' या मलय वजनावरून आला, एक काटी म्हणजे साधारण ६०० ग्रॅम.

१७८४ साली चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आला. तरी पुढची कित्येक दशकं पेट्यांना कुलूप होतंच. एकदा घुसलेलं फीचर कुणी काढत नाही, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना काय सांगायचं :-)

पण ही तिजोरी पाहुण्यांसमोर उघडायची असायची, आणि तिथेच सुतारकामाची खरी मजा आहे. बाहेरून महोगनी, सॅटिनवूड किंवा शिसवीचं व्हिनिअर, खाली बऱ्याचदा साध्या लाकडाचा सांगाडा. आत हिरव्या आणि काळ्या चहाचे वेगळे कप्पे, आणि पत्ती सादळू नये म्हणून शिसं-कथलाच्या पातळ पत्र्याचं अस्तर. झाकण असं बसवलेलं की फट दिसू नये.

आता माझी तक्रार. आजकाल अशा पेट्या 'रिस्टोअर' करून विकतात. म्हणजे काय, तर आतले कप्पे उपटायचे, अस्तर खरवडायचं, लाल मखमल चिकटवायची, वरून आरशासारखं पॉलिश मारायचं आणि दागिन्यांची पेटी म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची. अहो, आतलं काढलंत तर राहिलं काय? नुसता खोका! शिशामुळे तिच्यात आज चहा ठेवू नये हे कबूल, पण म्हणून अस्तर खरवडायचं कारण नाही. रिकामी राहू दे की.

दोनशे वर्षांचे डाग आणि आकसलेलं लाकूड ही खोट नाही, तो पेटीचा जन्मदाखला आहे. फळांच्या आकाराच्या कॅडीच बघा. सफरचंद, नासपती असे आकार लाकडातून कातून काढलेले. सावंतवाडीची लाकडी फळं आठवा, फक्त ही आतून पोकळ, झाकणाला बिजागरी आणि पोटावर चिमुकलं कुलूप. यांना किंमत भरपूर येते, म्हणून नकलाही भरपूर. लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही, त्यामुळे जुनं फळ हळूहळू किंचित लंबगोल होतं. जाणकार विकत घेण्याआधी आडव्या दोन दिशांनी माप घेतात. दोन्ही मापं तंतोतंत सारखी आली, की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात.