बंद दप्तरातला न्याय

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी समाजात पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली जाते. परंतु ती पायरी चढणे नेहमीच माणसाच्या इच्छेवर असते असे नाही. वडिलांच्या हयातीत निकाली निघालेल्या वाटणीच्या दाव्याचा हुकूमनामा, आजोबांच्या नावे झालेला कुळाचा निर्णय किंवा बांधाच्या भांडणातील मनाई हुकूम हाती नसला, की सातबाऱ्यावरची नोंद अडते, कर्जाचे प्रकरण परत येते आणि मिटलेले भांडण नव्याने उकरून काढले जाते. परभणी जिल्ह्यातील जिंतूर, पाथरी, गंगाखेड किंवा पालमच्या शेतकऱ्याला मग तीच पायरी दुसऱ्यांदा चढावी लागते. पहिल्यांदा न्याय मागण्यासाठी आणि दुसऱ्यांदा मिळालेल्या न्यायाचा कागद मागण्यासाठी. या दुसऱ्या फेरीची चर्चा क्वचितच होते. न्यायालयांतील प्रलंबित खटल्यांवर परिसंवाद झडतात, पण निकाली निघालेल्या खटल्याचे दप्तर सामान्य माणसाच्या हाती कसे यावे, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

निर्णयाइतकाच निर्णयाचा लेख महत्त्वाचा, ही जाणीव या भूमीला नवी नाही. धर्मशास्त्रकारांनी वाद जिंकणाऱ्याला राजमुद्रेसह 'जयपत्र' देण्याचा दंडक घातला होता. मराठेशाहीत गोतसभेचा निर्णय महजराच्या रूपाने लिहिला जाई. त्यावर उपस्थितांच्या साक्षी पडत आणि लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी उमटवी. हरलेल्याकडून 'येजितखत' लिहून घेतले जाई, म्हणजे उद्या त्याने तोच वाद पुन्हा उभा करू नये. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथात अशा अस्सल निवाड्यांचा साक्षेपाने अभ्यास केला आहे. त्या काळच्या व्यवस्थेत दोष नव्हते असे कोणी म्हणणार नाही. मात्र न्याय चारचौघांत व्हावा आणि त्याचा कागद ज्याच्या त्याच्या घरी असावा, हे तत्त्व तिने मानले होते.

आजच्या कायद्यानेही ते मानले आहे. नरेश मिरजकर प्रकरणात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खटले सर्वसाधारणपणे खुल्या न्यायालयातच चालले पाहिजेत, हे सांगितले आणि न्यायाच्या हितासाठी अपवाद करण्याचा अधिकारही मान्य केला. १८७२ च्या पुरावा कायद्यात सार्वजनिक दस्तऐवजाच्या प्रमाणित प्रतीची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने ती कायम ठेवली. ज्याला असा दस्तऐवज पाहण्याचा हक्क आहे, त्याने विहित शुल्क भरून मागणी केल्यास संबंधित अधिकाऱ्याने प्रत दिली पाहिजे. अल्पवयीन बालके, अत्याचारपीडित स्त्रिया आणि बंद दाराआड चाललेली कौटुंबिक प्रकरणे यांना गोपनीयतेचे कवच आहे आणि ते असलेच पाहिजे. पण अपवादाच्या आडोशाने नियमच झाकला जाऊ नये.

नियम असा स्पष्ट असताना परभणीत अडते कुठे? याचे एक उत्तर इतिहासात सापडते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील दरबारी फारसीची जागा उर्दूने घेतली आणि बहुसंख्य प्रजा मराठी बोलणारी असतानाही तिच्या जमिनीचे निवाडे तिला न वाचता येणाऱ्या भाषेत लिहिले गेले. त्यावरील तारखा फसली सनाच्या आहेत. त्या आकड्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारणपणे हाती येतो; पण एवढी साधी गोष्टही अनेकांना ठाऊक नसते. ज्याच्या घरातील वाद, त्यालाच त्याचा निर्णय परका, ही त्या राजवटीची एक खूण आजही दप्तरात शिल्लक आहे.

दुसरे कारण बदलत्या सीमांचे. परतूर तालुका १ मे १९८१ रोजी नव्या जालना जिल्ह्यात गेला, तर १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे परतूर, वसमत किंवा कळमनुरीच्या माणसाला जुन्या दाव्याचा माग काढताना परभणीचाही विचार करावा लागतो. अपिलांचा प्रवास तर आणखी लांबचा आहे. १९५६ पूर्वी ती हैदराबादच्या उच्च न्यायालयात चालत, त्यानंतर मुंबईस जाऊ लागली आणि १९८१ पासून आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात जातात. कागद शोधणाऱ्याने प्रथम निकालाचे वर्ष निश्चित करावे, कारण कोणते दार ठोठवायचे हे त्या वर्षावरच ठरते.

तिसरी अडचण दिवाणी आणि महसूल यांतील गल्लतीची. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याखालील बहुतेक निर्णय किंवा १९५४ च्या इनाम निर्मूलन कायद्याखालील प्रकरणे महसूल अधिकाऱ्यांपुढे चालली. त्यांचे दप्तर तहसील, उपविभाग किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधावे लागते. खासरा पत्रक आणि पाहणीपत्रकही तिकडेच. वाटणी, मालकी, मनाई हुकूम आणि करारपूर्तीचे दावे मात्र दिवाणी न्यायालयाचे. हा भेद सांगणारा कोणी नसल्यामुळे खेड्यातला माणूस एका कचेरीतून दुसरीकडे फिरत राहतो आणि अखेर दलालाच्या हाती सापडतो.

वस्तुतः नक्कल मिळवण्याची रीत फारशी अवघड नाही. दावा क्रमांक व वर्ष, पक्षकारांची नावे, न्यायालय, निकालाची तारीख आणि हवा असलेला नेमका कागद एवढे नमूद करून न्यायालयाच्या नकला विभागात विहित शुल्कासह अर्ज द्यायचा असतो. पक्षकाराला प्रत हक्काने मागता येते. त्रयस्थाला कारण द्यावे लागते आणि नियमानुसार परवानगी घ्यावी लागते. प्रमाणित प्रतीवर अर्जाची, प्रत तयार झाल्याची आणि ती दिल्याची तारीख असते. या तारखा अतिशय मोलाच्या आहेत. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवसांची मुदत असते. उच्च न्यायालयासाठी ती ९० दिवसांची आहे. नक्कल मिळण्यास आवश्यक तो काळ १९६३ च्या मुदत कायद्यानुसार त्यातून वगळला जातो. मात्र मुदत उलटल्यावर अर्ज केला, तर ही सवलत उपयोगी पडत नाही. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज करणे हाच शहाणपणा होय.

एका कागदावर किती अवलंबून असते, याचे उदाहरण वारसाहक्कात दिसते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला. परंतु २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी या दुरुस्तीने बाधित होत नाही. मग तसा हुकूमनामा खरोखर झाला होता काय? भाऊ सांगतो, झाला होता. बहिणीला त्याची कल्पनाही नसते. अशा वेळी खरे काय ते केवळ दप्तर सांगू शकते. ते बंद राहिले तर लेकीचा हक्क किंवा भावाची रास्त वाटणी यांपैकी एकाचा बळी जातो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते.

माहिती अधिकाराच्या अर्जाने असा कागद मिळेल, अशीही समजूत आढळते. गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, न्यायिक दप्तरातील प्रती न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्यात. हा निर्णय मान्य केला म्हणजे त्या नियमांची वाट निष्कंटक ठेवण्याची जबाबदारी न्यायव्यवस्थेवरच येते. दुसरे दार बंद केल्यावर पहिले दार तरी सताड उघडे हवे.

ई-न्यायालय प्रकल्पामुळे २००७ पासून काही दारे उघडली, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक किंवा पक्षकाराचे नाव भरले की आज भ्रमणध्वनीवर खटल्याची पुढील तारीख व पुष्कळदा निकालही विनामूल्य पाहता येतो. पण एकच 'जाधव' आडनाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते आणि अक्षर चुकले की खटला सापडत नाही. जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ साली निघाली. मग मराठी नावाचा शोध मराठी अक्षरांत बिनचूक लागावा ही अपेक्षा अवाजवी कशी? शिवाय संगणकीकरणापूर्वीच्या असंख्य प्रकरणांसाठी जुन्या नोंदवह्या चाळण्याला पर्याय नाही. १९१७ च्या कायद्याच्या आधारे झालेल्या नियमांनुसार ठरावीक मुदतीनंतर काही कागद नष्टही केले जातात. जे टिकवणे बंधनकारक आहे, त्याची तरी सूची लोकांसमोर यावी.

इच्छाशक्ती असली तर काय घडू शकते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा परभणीसह आठही जिल्ह्यांत जुने रुमाल सोडले गेले आणि उर्दू व मोडी वाचणारे शोधून आणले गेले. आंदोलनाच्या रेट्याने एका प्रश्नासाठी जे शक्य झाले, ते सामान्य पक्षकारासाठी नित्याचे का होऊ नये? जिल्ह्यातील निजामकालीन न्यायदप्तराची मराठी सूची तयार व्हावी, जीर्ण कागदांच्या प्रतिमा घेतल्या जाव्यात, प्रत्येक न्यायालयाच्या आवारात नकलेचे शुल्क व अपेक्षित दिवस सांगणारा मराठी फलक लागावा. उर्दू आणि मोडी जाणणारी पिढी मावळते आहे; हे काम आणखी दहा वर्षे लांबले, तर कागद राहतील, वाचणारे राहणार नाहीत.

शासन आणि न्यायसंस्था यांच्या बरोबरीने समाजाचेही काही कर्तव्य आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक व अल्प उत्पन्न गटातील पात्र व्यक्तींना आदेशांच्या प्रमाणित प्रती मिळवण्यासाठीही विनामूल्य साह्य मिळू शकते, ही माहिती गावोगावी पोहोचवता येईल. तरुण वकिलांनी, विधी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आणि निवृत्त कर्मचाऱ्यांनी आठवड्यातला एक दिवस अर्ज लिहून देण्यासाठी काढला, तर दलालाचे दुकान आपोआप बंद पडेल. प्रत्येक कुटुंबानेही आपल्या निकालाची प्रमाणित प्रत घरच्या कागदपत्रांत जपून ठेवावी आणि तिची जागा लेकी-सुनांनाही सांगावी.

न्यायदेवतेच्या डोळ्यांवरील पट्टी निःपक्षपाताची खूण मानली जाई. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात बसवलेल्या मूर्तीचे डोळे मात्र उघडे आहेत. तिच्या दप्तरांच्या गाठीही आता सुटाव्यात. परभणीच्या शेतकऱ्याला त्याच्या आजोबांनी जिंकलेला न्याय पुन्हा लढून मिळवावा लागू नये; तो कागदावर आहे, तेवढा कागद त्याच्या हाती पडावा.