राष्ट्रैक्य आणि बदलाचे शास्त्र : शहाद्याचा दाखला

राजकीय ध्रुवीकरण, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकून घेणे हीच फितुरी ठरावी इतकी समाजाची टोकाची विभागणी, दूर करण्यासाठी व्यवस्थापनशास्त्रातील संघटना-परिवर्तनाचा सिद्धान्त राष्ट्राला लागू करावा, असे एक मत मांडले जाते. जॉन कॉटर यांनी १९९६ साली ‘लीडिंग चेंज’ या ग्रंथात सांगितलेल्या आठ पायऱ्या त्याच्या मुळाशी आहेत: तातडीची जाणीव निर्माण करावी, समर्थ मार्गदर्शक गट उभारावा, भविष्याचे एक चित्र सर्वांपुढे ठेवावे आणि शेवटी बदल संस्थेच्या संस्कृतीत रुजवावा. डबघाईला आलेली कंपनी या वाटेने सावरत असेल, तर दुभंगलेले राष्ट्रही सावरेल, असा हा युक्तिवाद आहे.

तो पहिल्याच पायरीवर अडखळतो. कंपनीचे ध्येय ज्याला पटत नाही त्या कर्मचाऱ्याला कामावरून कमी करता येते. नागरिकाला तसे करता येत नाही, कारण राष्ट्राचे ध्येय ठरवण्याचा अधिकार त्याचाच असतो. कंपनीत जो बदलातील अडथळा मानला जातो, तोच लोकशाहीत विरोधी पक्ष असतो. शिवाय राजकारणात तातडीची जाणीव बहुधा शत्रूचे भय दाखवून निर्माण केली जाते, आणि ध्रुवीकरण तर त्याच भयावर पोसते.

याहून मोठा दोष या युक्तिवादातील ऐक्याच्या कल्पनेतच आहे; मतभेद ऐकू आले नाहीत की ऐक्य झाले, असे ती मानते. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेला, परंतु १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग असलेला शहादा तालुका १९७१ पूर्वी वरवर शांत दिसत असे. त्या शांततेखाली जमिनी गमावलेले आदिवासी होते, सालदार म्हणून वर्षाच्या बोलीवर राबणारे मजूर होते आणि बड्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्यांचा धाक होता. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला, तेव्हा ही दरी साऱ्या महाराष्ट्राला दिसली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या आदिवासींच्या आंदोलनाने ती दरी निर्माण केली नव्हती, उघड केली होती. म्हणून मतभेदाचा आवाज नसणे म्हणजे ऐक्य, ही व्याख्या टिकत नाही.

तरीही परिवर्तनाचे शास्त्र सर्वस्वी त्याज्य नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या मते कोणतीही परिस्थिती बदलाकडे ढकलणाऱ्या आणि बदल रोखणाऱ्या शक्तींच्या समतोलावर उभी असते; ढकलणारा जोर वाढवला तर ताण वाढतो, रोखणारी कारणे दूर केली तर बदल टिकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, एरवी नापसंत असलेले मांसप्रकार वापरण्याविषयी त्यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगात व्याख्यान ऐकलेल्या गृहिणींपैकी ३ टक्क्यांनी, तर गटचर्चेतून स्वतः निर्णय घेतलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी तो बदल स्वीकारला. निर्णयात वाटा मिळाला की माणूस बदल आपला मानतो, हे तत्त्व नागरिकालाही लागू पडते.

शहाद्यात नेमके हेच घडले. आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती, सर्वोदयी कार्यकर्ते आणि बाहेरून आलेले डाव्या विचारांचे तरुण यांची मते एक नव्हती, परंतु जमीन आणि मजुरी या प्रश्नांवर ते एकत्र आले व १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. शिबिरांत बोलू लागलेल्या आदिवासी स्त्रियांनी दारूबंदीचा प्रश्न स्वतः हाती घेतला. राज्यानेही आदिवासींच्या जमिनी परत मिळवून देणारा १९७४ चा कायदा केला. त्यामुळे प्रत्येक जमीन परत मिळाली असे नाही. मात्र ज्या तक्रारीला पूर्वी धाकाने गप्प केले जाई, तिला आता कायद्याचा आधार मिळाला.

म्हणून राष्ट्राच्या ऐक्यासाठी या शास्त्रातून घ्यायचे ते वरून एकमत घडवण्याचे तंत्र नव्हे, तर अन्यायाची कारणे शोधून दूर करण्याची आणि दुखावलेल्याला निर्णयात वाटा देण्याची शिस्त होय. ‘तू कोण’ यावरून पेटलेला वाद माणसांना कायमचे तोडतो. ‘जमीन कोणाची, मजुरी किती’ या वादाला उत्तर असते, आणि ते उत्तर सर्वांना बंधनकारक अशा कायद्याने देणे हेच राष्ट्र जोडण्याचे खरे काम आहे.